ग्राहक नोंदणीचे पान कसे उभारावे: संपर्क, पसंती आणि संमती

ग्राहकांचे संपर्क आणि त्यांच्या आवडीनिवडी जमा करण्यासाठी जे स्वतंत्र, एकाच कामाचे वेबपान बनवले जाते, त्याला लँडिंग पेज म्हणतात. आलेल्या माणसाने त्यावरचा छोटासा फॉर्म भरावा, इतकेच या पानाचे काम असते. असे पान तयार करून देणारी साधने आता सहज उपलब्ध आहेत आणि कोड लिहिता न येणाऱ्या व्यक्तीलाही एका बैठकीत पान उभे करता येते. खरा विचार करावा लागतो तो कोणते प्रश्न विचारायचे, उत्तरे कोणत्या स्वरूपात साठवायची आणि त्या उत्तरांना जागून ग्राहकाला पुढे काय पाठवायचे, या गोष्टींचा. म्हणून नवशिक्याने पानाच्या रंगरूपापासून सुरुवात न करता, नोंदणी झाल्यावर ग्राहकाला जाणाऱ्या पहिल्या संदेशापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिला संदेश आधी लिहावा

समजा, आपला व्यवसाय सायकली आणि त्यांचे सुटे भाग विकण्याचा आहे. नोंदणी केलेल्या ग्राहकाला पहिल्या महिन्यात जाणारा ईमेल कागदावर प्रत्यक्ष लिहून काढावा: ‘आपण लहान मुलांच्या सायकलींविषयी माहिती मागितली होती, या महिन्यात आलेल्या नव्या सायकली आणि मुलाच्या उंचीनुसार सायकलीचे माप कसे निवडावे याची माहिती सोबत देत आहोत.’ हा मजकूर लिहून झाला की फॉर्ममध्ये काय असावे ते जवळजवळ आपोआप ठरते. संदेश पोहोचवायला ईमेल पत्ता हवा, कोणत्या प्रकारच्या सायकलीत रस आहे ते हवे आणि संदेश किती वेळा यावा हे हवे. ग्राहकाची जन्मतारीख, घरचा पत्ता किंवा व्यवसाय या संदेशात कुठेच लागत नाही. त्यामुळे फॉर्ममध्येही त्यांना जागा नाही.

यानंतर मनात असलेल्या सर्व प्रश्नांची यादी करावी आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे उत्तर कोणत्या संदेशात, कशासाठी वापरले जाईल ते लिहावे. ज्या प्रश्नासमोर काही लिहिता येत नाही, तो काढून टाकावा. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ हे कारण येथे मुळीच धरू नये. अशी माहिती वापराविना जुनी होत जाते, ती सांभाळण्याची जबाबदारी मात्र कायम राहते आणि कधी चोरी झालीच, तर कारण नसताना गोळा केलेल्या माहितीचा त्रास ग्राहकाला भोगावा लागतो.

पानावरचा मजकूर

शीर्षकात ग्राहकाला काय मिळणार आहे ते थेट सांगावे. ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ यातून काहीच कळत नाही. ‘नव्या सायकली आणि देखभालीच्या सूचना, महिन्यातून एकदा ईमेलवर’ यातून विषय, प्रमाण आणि माध्यम या तिन्ही गोष्टी कळतात. त्याखाली दोन-तीन वाक्यांत कोण पाठवत आहे आणि नाव कधीही काढून घेता येते, हे सांगितले की पुरे. बटणावर ‘सबमिट’ लिहिण्यापेक्षा ‘माहिती ईमेलवर मिळवा’ असे लिहिल्याने बटण दाबल्यावर काय होईल याची शंका राहत नाही. अमुक हजार लोकांनी नोंदणी केली आहे, किंवा अमुक मिनिटांत संधी संपेल, असे लिहायचे असेल तर ते खरे असलेच पाहिजे. नोंदणीच्या पहिल्याच क्षणी खोटे घड्याळ दाखवणाऱ्याला पुढे विश्वासाने आपली माहिती कोण देईल?

या पानावर संकेतस्थळाचा मोठा मेनू, इतर जाहिराती किंवा दुसरीकडे नेणाऱ्या लिंक ठेवू नयेत. माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या निवेदनाची लिंक मात्र अवश्य ठेवावी. चित्र हवे असल्यास एकच ठेवावे आणि त्याचा आकार कमी करून घ्यावा. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे आणि हे गणित बहुधा एखाद्या जड छायाचित्रामुळेच बिघडते.

संपर्काचे रकाने

ईमेलच्या रकान्याचा प्रकार एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, ‘ईमेल’ असाच निवडावा, म्हणजे मोबाईलवर ॲट चिन्ह असलेला कीबोर्ड आपोआप उघडतो आणि ढोबळ चुका ब्राउझरच पकडतो. ऑटोकम्प्लीट हा गुणधर्मही योग्य मूल्य देऊन चालू ठेवावा. त्यामुळे ब्राउझरमध्ये साठवलेला पत्ता ग्राहकाला एका स्पर्शात भरता येतो आणि टंकनाच्या चुका कमी होतात. पत्ता बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी स्वतःचे कडक नियम लिहू नयेत. ईमेल पत्त्यात अधिकचे चिन्ह असू शकते, डोमेनचा, म्हणजे ॲट चिन्हानंतरच्या नावाचा, शेवटचा भाग लांबलचक असू शकतो आणि अशा पत्त्यांना नाकारणारे फॉर्म खऱ्या ग्राहकांना परत पाठवतात. मागेपुढे चुकून आलेली मोकळी जागा कापावी, ॲट चिन्ह आणि डोमेन आहे एवढे पाहावे आणि पुढची खात्री त्या पत्त्यावर संदेश पाठवूनच करावी. पत्ता दोनदा लिहायला लावण्याचाही विशेष उपयोग होत नाही, कारण बहुतेक जण पहिल्या रकान्यातला मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटवतात.

मोबाईल क्रमांक तेव्हाच मागावा, जेव्हा आपण त्यावर फोन किंवा संदेश करणार आहोत. मागितलाच, तर तो ऐच्छिक ठेवावा आणि कशासाठी हवा आहे ते रकान्याशेजारीच लिहावे. रकान्याचा प्रकार ‘संख्या’ न ठेवता ‘टेल’ (दूरध्वनी) ठेवावा आणि नोंदी जेथे साठतात त्या डेटाबेसमध्येही क्रमांक मजकूर म्हणून साठवावा, कारण संख्या म्हणून साठवल्यास सुरुवातीचे शून्य आणि अधिकचे चिन्ह नाहीसे होते. आंतरराष्ट्रीय ई.१६४ मानकानुसार देशाच्या संकेतांकासह क्रमांकात जास्तीत जास्त १५ अंक असतात. प्रत्येक क्रमांक दहाच अंकी असतो असे गृहीत धरणारा फॉर्म परदेशी ग्राहकाला बाहेर ठेवतो. ग्राहकाने मध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ दिली, तर ती चूक म्हणून दाखवू नये, साठवताना आपणच काढून टाकावी.

नावासाठी एकच रकाना पुरतो. पहिले नाव आणि आडनाव अशी विभागणी सर्वांच्या नावांना लागू पडत नाही आणि संदेशाच्या सुरुवातीला संबोधण्यासाठी तिची गरजही नसते. येथे मराठी वाचकांनी एका तांत्रिक गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नावात फक्त अक्षरेच असावीत, असा नियम अनेक तयार फॉर्ममध्ये घातलेला असतो. परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीतील काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत, त्यांचा वर्ग ‘जोडचिन्हां’चा असतो. परिणामी ‘मकरंद’ किंवा ‘प्रिया’ असे अगदी साधे नावही तो फॉर्म ‘अवैध’ ठरवतो. नावावर असा कोणताही नियम न लावणे उत्तम, आणि पान, सर्व्हर (फॉर्म स्वीकारणारा संगणक) व डेटाबेस या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ही युनिकोडची अक्षरे साठवण्याची पद्धत असल्याची खात्री करावी.

प्रत्येक रकान्याला त्याच्यावर कायम दिसणारे लेबल द्यावे. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टंकन सुरू होताच नाहीशी होते आणि अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला हा रकाना कशाचा होता तेच आठवत नाही. लेबल कोडमध्ये रकान्याशी जोडलेले असावे, म्हणजे दृष्टिहीन व्यक्ती वापरत असलेला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेबच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे मानक सांगते. रकान्यातील अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवल्यास आयफोनवर रकान्याला स्पर्श करताच पान एकदम मोठे होते, म्हणून तेवढा आकार ठेवावाच. चूक झाल्यास तिचा खुलासा त्या रकान्याजवळच द्यावा, केवळ लाल रंगावर विसंबू नये आणि बाकी भरलेली उत्तरे कोणत्याही परिस्थितीत पुसू नयेत.

पसंती विचारताना

पसंतीच्या प्रश्नांमुळेच ही नोंदणी साध्या पत्त्यांच्या यादीपेक्षा वेगळी ठरते. ग्राहकाने ‘फक्त देखभालीच्या सूचना’ हा पर्याय निवडला आणि त्याला विक्रीच्या जाहिराती जाऊ लागल्या, तर त्याला काहीच न विचारलेले बरे होते. म्हणून जेवढ्या पर्यायांसाठी वेगळा मजकूर पाठवण्याची आपली खरोखर तयारी आहे, तेवढेच पर्याय द्यावेत. आपण एकच मासिक संदेश सर्वांना पाठवणार असू, तर विषय विचारण्याचे तूर्त कारण नाही.

साधारणपणे चार गोष्टी विचारता येतात: विषय, वारंवारता, माध्यम आणि भाषा. यांपैकी विषयाचे पर्याय ठरवायला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. व्यवसायातील अंतर्गत वर्गवारी ग्राहकासमोर जशीच्या तशी ठेवू नये; ग्राहक दुकानात किंवा फोनवर ज्या शब्दांत विचारणा करतात, ते शब्द वापरावेत. ‘डोंगराळ वाटांसाठी’, ‘रोजच्या प्रवासासाठी’, ‘लहान मुलांसाठी’, ‘सुटे भाग आणि देखभाल’ हे पर्याय कोणालाही कळतात. दोन पर्याय एकमेकांवर चढणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि ‘अजून ठरलेले नाही’ असाही पर्याय ठेवावा, नाहीतर गोंधळलेला माणूस कोणतीही एक खूण करून पुढे जातो आणि ती खोटी पसंती आपण खरी समजून वापरत राहतो.

अनेक पर्याय निवडता येत असतील तेथे चेकबॉक्स आणि एकच निवडायचा असेल तेथे रेडिओ बटण वापरावे. पर्याय चार-पाचच असताना ते ड्रॉपडाउनमध्ये लपवू नयेत. कोड लिहिणाऱ्याने दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. खूण न केलेला चेकबॉक्स फॉर्मसोबत सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे ‘नको’ हे उत्तर आपल्याला मूल्य म्हणून मिळत नाही, ते अनुपस्थितीवरून ओळखावे लागते. तसेच एकाच नावाचे अनेक चेकबॉक्स निवडले गेले तर ते नाव पुन्हा पुन्हा येते आणि सर्व्हरवरचा कोड यादी वाचण्यासाठी लिहिलेला नसेल, तर त्यांतील एकच उत्तर साठवले जाऊन बाकीची निमूटपणे गळून जातात.

उत्तरे साठवताना पानावर दिसणारा मजकूर न साठवता प्रत्येक पर्यायाला एक न बदलणारा संकेत द्यावा आणि तो साठवावा. उद्या ‘लहान मुलांसाठी’ हे शब्द बदलून ‘मुलांच्या सायकली’ असे केले, तरी जुन्या आणि नव्या नोंदी एकाच गटात राहतात. पसंती कोणत्या तारखेला नोंदवली तेही साठवावे, कारण दोन वर्षांपूर्वी मुलासाठी सायकल शोधणाऱ्याची गरज आज तीच असेल असे नाही.

प्रश्न तीन-चारपेक्षा जास्त होत असतील, तर फॉर्म दोन टप्प्यांत विभागावा. पहिल्या टप्प्यात ईमेल पत्ता आणि संमती घ्यावी व नोंद लगेच साठवावी. दुसऱ्या टप्प्यात, धन्यवादाच्या पानावर, पसंती विचाराव्यात. कोणी दुसरा टप्पा सोडून गेला तरी त्याची नोंदणी टिकते. मात्र पुढे आणखी दोन ऐच्छिक प्रश्न आहेत, हे पहिल्याच टप्प्यावर सांगून ठेवावे.

संमती

संमतीचा चेकबॉक्स नेहमी रिकामा असावा. खूण ग्राहकाने स्वतः करावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय संघाचा जीडीपीआर हा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि आधीच खूण केलेला चेकबॉक्स म्हणजे वैध संमती नव्हे, हे युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. भारतात याच विषयावर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. पान इंटरनेटवर असल्यामुळे ग्राहक कोठूनही येऊ शकतो, तेव्हा सर्वांत कडक नियम पाळून पान बनवणेच शहाणपणाचे ठरते. कायदा नसता तरी हेच करणे योग्य होते.

ईमेलसाठी, फोनसाठी आणि माहिती दुसऱ्या कोणाला देण्यासाठी वेगवेगळी संमती घ्यावी. एकाच खुणेत तिन्ही बांधू नयेत. वाक्य सरळ असावे: ‘नव्या सायकलींची माहिती मला महिन्यातून एकदा ईमेलवर पाठवावी.’ संमती दिल्याची वेळ, त्या वेळी पानावर असलेले नेमके वाक्य आणि ग्राहक कोणत्या पानावरून आला, या गोष्टी नोंदीसोबत साठवाव्यात. पुढे कोणी ‘मी संमती कधी दिली?’ असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असावे, अशी जीडीपीआरची अट आहे. म्हणून नाव काढण्यासाठी फोन करायला लावणे किंवा पासवर्ड मागणे टाळावे.

पडद्यामागची व्यवस्था

पान एचटीटीपीएसवरच असावे, म्हणजे ग्राहकाने भरलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून त्यासाठीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. फॉर्म पाठवण्याची पद्धत ‘पोस्ट’ असावी; ‘गेट’ पद्धतीत भरलेला ईमेल आणि फोन पानाच्या पत्त्यातच उमटतो आणि तेथून ब्राउझरच्या इतिहासात व सर्व्हरच्या नोंदवह्यांत जाऊन बसतो. ब्राउझरमधील तपासणी ग्राहकाच्या सोयीसाठी असते आणि ती सहज चुकवता येते, त्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक रकाना पुन्हा तपासावा. नोंद साठवून झाली की ग्राहकाला धन्यवादाच्या वेगळ्या पानावर न्यावे, म्हणजे पान पुन्हा लोड केले तरी तीच नोंद दुसऱ्यांदा होत नाही.

यंत्रांकडून येणाऱ्या खोट्या नोंदी रोखण्यासाठी आधी सौम्य उपाय करावा. माणसाला न दिसणारा एक जादा रकाना फॉर्ममध्ये ठेवावा. तो भरून आला तर ती नोंद गाळावी. स्क्रीन रीडरलाही तो दिसणार नाही अशी तजवीज करावी. एवढ्याने भागले नाही, तरच कॅप्चा (भरणारा माणूसच आहे हे तपासणारे कोडे) लावावा, कारण त्याचा त्रास खऱ्या माणसांना होतोच.

नोंद झाल्यावर दिलेल्या पत्त्यावर खात्रीचा ईमेल पाठवावा आणि त्यातील लिंकवरून पुष्टी झाल्यावरच पुढील संदेश सुरू करावेत. कोणी दुसऱ्याचाच पत्ता भरला असेल, तर त्या तिऱ्हाइताला नको असलेले संदेश जाण्याचे यामुळे टळते. येथे एक बारकावा आहे: काही कार्यालयांतील सुरक्षा प्रणाली आलेल्या ईमेलमधील लिंक तपासणीसाठी स्वतःच उघडून पाहतात. केवळ लिंक उघडताच पुष्टी होत असेल, तर माणसाने काहीही न करता पुष्टी झालेली दिसते. म्हणून लिंकवरून उघडणाऱ्या पानावर ‘नोंदणी पक्की करा’ असे बटण ठेवावे. आधीच नोंदणी झालेला पत्ता कोणी पुन्हा भरला, तरी पानावर नेहमीचाच ‘आपला ईमेल तपासावा’ हा संदेश दाखवावा. ‘हा पत्ता आमच्याकडे आहे’ असे दाखवल्यास कोण आपले ग्राहक आहे हे कोणालाही तपासता येते.

हे ईमेल जंक फोल्डरमध्ये जाऊ नयेत म्हणून आपल्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आला आहे हे तपासू देणाऱ्या, तीन नोंदी करून घ्याव्यात. दिवसाला ५,००० पेक्षा अधिक संदेश जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या नोंदी सक्तीच्या केल्या आणि प्रचाराच्या संदेशांत एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोयही मागितली. लहान यादीसाठीही हे सारे पहिल्या दिवसापासून करणे हिताचे आहे.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेणार असाल, तर बरोबरीचे, अधिकचे, वजाचे किंवा ॲट चिन्ह पहिले असलेला मजकूर स्प्रेडशीट सूत्र म्हणून चालवू शकते, हे जाणून असावे. नावाच्या रकान्यात कोणी मुद्दाम असे सूत्र भरू शकतो. उतरवताना अशा मजकुराच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह जोडले की धोका टळतो. या फाइलची लिंक सर्वांसाठी खुली ठेवू नये. ज्याला कामासाठी लागते त्यालाच प्रवेश द्यावा.

पान खुले करण्याआधी आणि नंतर

पान साध्या मोबाईलवर, मंद जोडणीवर आणि माउस न वापरता केवळ कीबोर्डवर भरून पाहावे. देवनागरी नाव, परदेशी क्रमांक, अधिकचे चिन्ह असलेला ईमेल, एकही पसंती न निवडलेला आणि सर्व पसंती निवडलेला, अशा निरनिराळ्या नोंदी करून त्या डेटाबेसमध्ये जशाच्या तशा उतरल्या का ते डोळ्यांनी तपासावे. ही तपासणी पान बनवणाऱ्याने तर करावीच, शिवाय ज्याने पान आधी कधीच पाहिलेले नाही अशा एखाद्या व्यक्तीच्या शेजारी बसून, काहीही न सुचवता, तिला फॉर्म भरताना पाहावे. ती जेथे थबकते तेथील शब्द बदलावेत.

पान खुले झाल्यावर किती जणांनी ते पाहिले, किती जणांनी फॉर्म पाठवला आणि किती जणांनी ईमेलवरून पुष्टी केली, हे तीन आकडे वेगवेगळे पाहावेत. पाहणारे भरपूर आणि भरणारे थोडे असतील तर मजकुरात किंवा प्रश्नांत अडचण आहे; भरणारे भरपूर आणि पुष्टी करणारे थोडे असतील तर खात्रीचा ईमेल पोहोचत नसावा. आठवड्याला मोजक्याच नोंदी येत असताना बटणाचा रंग बदलून निष्कर्ष काढू नयेत, कारण एवढ्या लहान आकड्यांत योगायोगच जास्त बोलतो.

पुष्टी न झालेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर, उदाहरणार्थ ३० दिवसांनी, आपोआप पुसल्या जाव्यात अशी सोय करावी. प्रत्येक संदेशाच्या शेवटी ‘पसंती बदला’ आणि ‘नाव काढा’ अशा दोन स्वतंत्र लिंक द्याव्यात. संदेश फार येतात म्हणून त्रासलेल्या ग्राहकाला वारंवारता कमी करण्याचा मार्ग मिळाला, तर तो बऱ्याचदा तोच निवडतो. नाव काढलेल्या ग्राहकाची बाकी माहिती पुसली, तरी त्याचा पत्ता ‘यांना पाठवू नये’ अशा वेगळ्या यादीत ठेवावा लागतो. तसे न केल्यास पुढे कधी जुनी स्प्रेडशीट पुन्हा आयात झाली की तोच पत्ता यादीत परत येतो आणि स्पष्टपणे नको म्हणालेल्या माणसाला संदेश जाऊ लागतात.